आमची वाटचाल : स्लिपरवरनं हार्नेसपर्यंत

नमस्कार मंडळी. २०१४ ला घर तपासायचं काम चालू केलं तेव्हा सोलापुरात लोकं हसायची, घर घ्यायच्या आधी पैसे देऊन कोण बघून घेतं म्हणून. सामान म्हणजे एक बॅटरी, टेप अन् मागून आणलेली बांबूची शिडी. पायात स्लिपर. खरंच, स्लिपर घालून पत्र्यावर चढायचो.

मग अक्कलकोट रोडला एका जुन्या यंत्रमाग शेडचं काम आलं. सिमेंटचा पत्रा, मी आपला बोल्टच्या ओळीवरनं चाललो होतो कारण खाली पत्र्याला आधार देणारा लोखंडी अँगल तिथंच असतो एवढं माहीत होतं, पण वळताना पाय बाजूला पडला अन् तिथं उजेडासाठी टाकलेला फायबरचा पत्रा होता, धुळीनं इतका काळा पडलेला की सिमेंटचाच वाटला. मांडीपर्यंत आत. खाली माग चालू. अँगलला अडकलो म्हणून आज हे टाईप करतोय.

घरी काही सांगितलं नाही, भाच्याला मात्र कळलं. "मामा, आता तुम्ही खालीच थांबा." पण खाली थांबून कसं चालेल! मग हार्नेस (अंगाला बांधायचा, दोर-हुक असलेला सुरक्षा पट्टा) घेतला, ॲल्युमिनियमची शिडी घेतली. शिडीचा पाय चार फूट उंचीला भिंतीपासून एक फूट बाहेर, वरचं टोक कडेच्या तीन फूट वर, अन् एकजण खाली धरून. हार्नेसचं पण असंय, हुक टाकीच्या पाईपला अडकवला तर पाईपासकट खाली येणार.

पेठांतल्या माळवदावर (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत) तर आम्ही आधी चढतच नाही. आतनं तुळया बघायच्या, स्क्रूड्रायव्हर टोचायचा, वाळवी असली की तो सहज आत जातो. पाऊस झालेला असला तर माती भिजून जड झालेली असते, मग विषयच संपला. मे महिन्यात सकाळी लवकर जातो, दुपारी पत्र्याला हात लावून दाखवा.

"वर न चढता पैसे कशाचे?" असं बरेचजण विचारतात, काहींनी काम दुसऱ्याला दिलं, दिलं तर दिलं. रंगवाल्याच्या लांब काठीला मोबाईल बांधून व्हिडिओ काढतो, निम्म्या घरांचं तेवढ्यात भागतं.

परवा एक आजी म्हणाल्या, "तुम्ही घाबरता, माझा नातू रोज वर पतंग उडवतो की!" त्यांना आतल्या तुळईचा व्हिडिओ दाखवला. आजींनी चष्मा नीट केला, बघितलं, अन् जोरात हाक मारली, "आधी खाली ये रे तू!"