नजर

आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्याला जरा मान असतो. माती मळणारे, साच्यातून मूर्ती काढणारे, जोड घासणारे, कंप्रेसरवर बॉडी कलर मारणारे, एवढ्यांच्या हातून गेल्यावर मूर्ती माझ्या पाटापुढे येते. आधी डोळ्यातला पांढरा, कोपऱ्यात किंचित गुलाबी, मग तपकिरी बुबुळ, त्यात काळी बाहुली, वरच्या पापणीची रेघ, भुवई. सगळ्यात शेवटी बाहुलीत पांढरा ठिपका. तो पडेपर्यंत मूर्तीला डोळे असतात, नजर नसते.

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, ऑगस्ट अर्धा सरला तरी आमची घाई उरकत नव्हती. प्लास्टरच्या मूर्ती बनवायला उच्च न्यायालयाने जूनमध्ये मोकळीक दिली आणि तोवर अडलेली कामं पेणपासून हमरापूर-जोह्यापर्यंत सगळ्यांनी एकदम काढली. चतुर्थी 27 ऑगस्टची. त्यात पाऊस असा, की शाडूच्या मूर्ती हॅलोजन लावूनही आतून ओल्याच.

अशा दिवशी बदलापूरहून एक गृहस्थ आपली दीड फुटी शाडूची मूर्ती न्यायला आले. मूर्तीसमोर डावीकडे उजवीकडे फिरले आणि म्हणाले, "ताई, हा माझ्याकडे बघत नाहीये हो."

हल्ली गिऱ्हाईक फोनवर चित्र दाखवून "असाच चेहरा हवा" म्हणतं, आणि त्या चित्रातले डोळे काचेच्या गोट्यांसारखे चकाकत असतात. मला वाटलं, हेही त्यातलेच. शिवाय ही समजूत जुनीच आहे, की चांगली मूर्ती कुठूनही पाहिली तरी आपल्याकडेच बघते. कागदावरच्या चित्रात ते होतं, कारण तुम्ही कुठेही सरकलात तरी सपाट डोळ्यातली बाहुली आपल्या जागेवरच दिसते. मूर्तीचा डोळा फुगीर. बाजूला सरकलं की बाहुली कोपऱ्यात गेलेली दिसते, खाली बसलं की वर गेलेली. सगळ्यांकडे बघणारी मूर्ती मला तरी जमत नाही, आणि जमते म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

तरी विचारलं, "बसवणार कुठे?"

"टीव्ही काढून त्याच्या कपाटावर. आईला गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, ती समोर दिवाणावर बसून जप करते. मीही तिच्याशेजारीच बसतो."

मूर्ती मांडणीवरून उतरवून टेबलावर ठेवली आणि मी समोर बुटक्या स्टुलावर बसले. खरंच, नजर डोक्यावरून दाराकडे जात होती. आम्ही सरळ बघणारे डोळे आखतो. उभ्याने दर्शन घेणाऱ्याला ते बरोबर भेटतात, बसलेल्याला नाही.

डोळा पुसून नव्याने आखायचा तर प्लास्टरवर ते निभतं. कच्च्या शाडूवर ओलं फडकं फिरवलं की रंगाबरोबर पापणीची धारही जाते. म्हणून बाहुलीला हातच लावला नाही. वरच्या पापणीची रेघ आतल्या अंगाने केसभर जाड केली, म्हणजे पापणी खाली झुकल्यासारखी झाली. बुबुळाच्या खालच्या कडेशी पांढऱ्याची जी बारीक फट होती ती तपकिरीने बुजवली. जुना ठिपका काळ्याने झाकून नवा थोडा खाली दिला. दुसऱ्या डोळ्याला जास्त वेळ लागला, कारण एक डोळा सुचेल तसा करता येतो, दुसरा मात्र पहिल्यासारखाच व्हावा लागतो.

जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना स्वतःची शैली शोधा, असं सतत कानावर पडायचं. इथे सीझनभर एकच डोळा आखते, आणि त्यात माझं काय, हा प्रश्न दर श्रावणात एकदा तरी छळतो. त्या दुपारी नाही छळला. कोणा एकासाठी, त्याच्या घरातल्या दिवाणाची उंची धरून डोळा आखणं हे वर्गात मला कोणी काम म्हणून दिलं नव्हतं.

ते स्टुलावर बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आता बघतोय. फक्त ताई, सोंडेवरचं ते गंध जरा..."

कारखाना चालवणाऱ्या आमच्या काकांनी तिथल्या तिथे पावती फाडून त्यांच्या हातात दिली.