भाऊंनी न केलेला फोन

मी पूर्णेच्या काठच्या एका मतदारसंघात आमदारांचा, म्हणजे आमच्या भाऊंचा, स्वीय सहायक आहे. किडनी बदलून आल्यावर भाऊ पहिल्यांदा पूर्ण दिवस जनसंपर्क कार्यालयात बसले, त्या दिवशी त्यांनी एका डायलिसिसच्या पेशंटसाठी फोन करायला नकार दिला. ते बरोबर झालं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. म्हणून लिहितोय.

आमदार आजारी पडला की लोकांना वाटतं कार्यालय बंद पडलं. तसं होत नाही. सभागृहाच्या परवानगीशिवाय आमदार ६० दिवस सगळ्या बैठकांना गैरहजर राहिला, तर राज्यघटनेच्या कलम १९० प्रमाणे त्याची जागा रिक्त जाहीर करता येते. सत्रसमाप्तीचा काळ आणि सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकुबी त्यात धरत नाहीत, त्यामुळे तशी वेळ सहसा कोणावर येत नाही. तरी प्रत्येक अधिवेशनाआधी भाऊंचा रजेचा अर्ज मी वेळेत पोचवला. भाऊ नागपूरला खाटेवर होते तरी मतदारसंघातलं एकही पत्र आवक नोंदवहीत चढल्याशिवाय राहिलं नाही.

आमच्या कामात पत्र लिहिणं सगळ्यांना सोपं वाटतं. 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहिलेलं पत्र तहसीलमध्ये फाइलला लागतं आणि तिथंच राहतं. 'समक्ष झालेल्या चर्चेनुसार' असं लिहिलं की कारकून ते साहेबांच्या टेबलावर ठेवतो, कारण चर्चा खरंच झाली असेल तर उद्या विचारणा होणार. खालच्या 'प्रत माहितीस्तव' या ओळीत कोणाचं नाव टाकायचं, यावर अर्धं काम अवलंबून असतं. मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं अंदाजपत्रक दोन्ही आधी लागतं. एक कागद कमी असला की अर्ज परत, आणि तोवर पेशंटचे दिवस निघून जातात. हे सगळं मी वर्षानुवर्षं बारकाईनं शिकलो. पण या सगळ्या कागदांपेक्षा आमदाराचा एक फोन भारी पडतो, हे आमच्या भागात शेतमजुरालाही ठाऊक आहे.

तो बाजाराचा दिवस होता. डॉक्टरांच्या अटी मी दारावर लावल्या होत्या: हार नाही, पुष्पगुच्छ नाही, हस्तांदोलन नाही, सर्दी-खोकला असलेल्यानं आत यायचं नाही. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, सकाळी नऊ आणि रात्री नऊ, त्यात मागंपुढं चालत नाही. त्यामुळे साधा ताप दुसऱ्याला दोन दिवसांचा, तो भाऊंना दवाखान्यात नेऊ शकतो. डाव्या हाताला फिश्चुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी जोडून केलेली रक्तवाहिनी, अजून आहे, त्या हाताला कोणी धरायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवून चार-चार जणांना आत सोडत होतो. हार घालू दिला नाही म्हणून दोन कार्यकर्ते रुसून निघून गेले. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला भेटायला यायचं आणि स्वतःचा मान मागायचा, हे मला कधीच समजलं नाही.

अकराच्या सुमाराला ती बाई आली. आमच्याच खारपाणपट्ट्यातल्या गावची, शेतमजूर. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी. आमच्याकडे लोक याचा दोष खाऱ्या पाण्याला देतात. डॉक्टर रक्तदाब, मधुमेह आणि अंगदुखीच्या गोळ्या यांचीही नावं घेतात. भाऊंची किडनी रक्तदाबानं गेली. बाईच्या नवऱ्याचं डायलिसिस जिल्ह्याच्या गावी चालतं. उपचाराला पैसे लागत नाहीत, ते सरकारी आरोग्य योजनेत बसतं. साध्या एसटीत त्याला तिकीट नाही, तिला अर्धं. पण पहाटे पाचची गाडी धरायची, चार तास मशीनवर, संध्याकाळी परत. दोघांची मजुरी बुडते. आमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात केंद्र आहे, तिथं त्याला जागा मिळावी एवढंच तिचं म्हणणं.

"भाऊ, एक फोन करा ना. तुमाले त मालूम हाय हे काय दुखणं असते ते."

आजाराआधी असं काही आलं की भाऊ कागद न वाचता माझ्याकडे सरकवायचे आणि फोन हातात घ्यायचे. त्या दिवशी ते विचारत बसले. आठवड्यातून किती वेळा होतं? "सांगतलं तीनदा, होते दोनदा. मी कापूस वेचाले गेली त एकदाच." मधल्या दिवसांत वजन किती वाढतं? दम लागतो का? रात्री उशीवर झोपतो की बसून? पाणी मोजून देता का? ती सगळं नीट सांगत होती. बाहेर रांग वाढत होती, मी दोनदा दारात येऊन गेलो. मग भाऊ म्हणाले, "माय, त्याचं नाव यादीत लावतो. पण फोन नाही करत मी."

तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती उठली. ओसरीत मी तिच्या मागे गेलो तर मला म्हणाली, "मंग निवडून कायले देलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या केंद्रात पाच मशीन आहेत. त्यातलं एक कावीळ बी किंवा सी असलेल्या पेशंटांसाठी राखीव ठेवावं लागतं, ते इतरांना देता येत नाही. राहिली चार. दोन पाळ्या चालतात, म्हणजे दिवसाला आठ माणसं. रविवार सोडून सहा दिवस धरले तर आठवड्याला ४८ वेळा. डॉक्टर सांगतात तसं प्रत्येकाचं तीनदा करायचं तर सोळाच माणसं बसतात. म्हणून बहुतेकांचं दोनदाच करतात. आमदाराचा फोन गेला म्हणजे नवीन मशीन येत नाही. कोणाचं तरी दोनदाचं एकदा होतं, नाही तर यादीतला कोणी आणखी खाली जातो. तंत्रज्ञ पोरगा चांगला आहे, दोघांचं काम एकटा करतो, आणि ज्या कंत्राटदारानं त्याला नेमलंय तो पगार दोन-दोन महिने उशिरा देतो. असा पोरगा फोनला नाही कसा म्हणेल?

दुपारी जेवताना मी भाऊंना सरळ विचारलं. त्यांनी नागपूरची गोष्ट काढली. तिथल्या खासगी दवाखान्यात पहिल्या दिवशी त्यांना ज्या खाटेवर घेतलं, ती सकाळची वेळ एका म्हाताऱ्या शिक्षकाची होती. भाऊंसाठी त्याला रात्रीच्या पाळीत टाकलं. भाऊंना हे बऱ्याच दिवसांनी त्या शिक्षकाच्या सुनेकडून कळलं. तिनं तक्रार केली नव्हती, बोलता बोलता सांगितलं.

"तो फोन तूच लावला होता ना?"

हो, मीच लावला होता. भाऊंचं पोटॅशियम तेव्हा इतकं वाढलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं. पुन्हा तशी रात्र आली तर पुन्हा लावीन, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. आणि दुसरंही सांगितलं, जे मला आजही खरं वाटतं: आपण फोन थांबवला म्हणून फोन थांबत नाहीत. जिल्हा परिषदेचा सदस्य करतो, ठेकेदार करतो, बाजार समितीतला कोणीही करतो. आपण एकटेच बाजूला झालो तर ज्या लोकांना आपल्याशिवाय कोणी नाही तेच मागं पडतात.

भाऊ म्हणाले, "म्हणून त यादी काढ."

यादी म्हणजे तंत्रज्ञाच्या टेबलावरची एक डायरी. तिचे फोटो मागवले आणि उरलेली दुपार मी त्यातल्या नंबरांवर फोन करत बसलो. बाईच्या नवऱ्याचं नाव सातवं लागलं होतं. पहिल्या नंबरावर मुलीनं उचललं. "बाबा त पोळ्याच्या आधीच गेले," म्हणाली. तिसऱ्याचंही तेच, त्याच्या घरी तर त्याचं नाव यादीत आहे हेही कोणाला माहीत नव्हतं. पाचवी एक म्हातारी, ती लेकीकडे अकोल्याला राहायला गेली होती. त्यांची नावं कोणी खोडली नव्हती, कारण यादीतल्या माणसाला फोन करून विचारणं हे कोणाचं कामच नाही. मधल्या काळात जागा रिकाम्या झाल्या होत्या, त्यावर यादीत नसलेली माणसं बसली होती. डायरीत त्यांच्या नावापुढं 'सा. फोन', म्हणजे साहेबांचा फोन, असं लिहिलेलं. त्यातले दोन फोन भाऊंच्या नावानं माझेच. ती दोन्ही माणसं आज जिवंत आहेत, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण पोळ्याआधी गेलेल्या त्या माणसाच्या मुलीचा आवाज मला आठवतो, आणि मग या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवता येत नाहीत.

तीन नावं खोडल्यावर बाईचा नवरा चौथा झाला. आता खरा उपाय तिसरी पाळी, म्हणजे दिवसाला आणखी चार माणसं. तिला दोन गोष्टी लागतात. एक पाणी. एका वेळच्या डायलिसिसला मशीनमधून साधारण १२० लिटर शुद्ध पाणी जातं, आणि ते शुद्ध करताना बरंच पाणी वायाही जातं. आमच्या खाऱ्या पाण्यानं आरओचे पडदे लवकर चोंदतात. टँकर आला नाही की आहे तीच पाळी रद्द होते. पाण्यामुळे आजारी पडलो म्हणणारा भाग आणि उपचारालाही पाणीच कमी, हे मुंबईच्या अधिकाऱ्याला समजावताना माझा घसा कोरडा पडतो. दुसरी गोष्ट माणूस. आमदार निधी वर्षाला पाच कोटींचा आहे, त्यातून मशीन घेता येतं, आरओ संच घेता येतो, पण पगार देता येत नाही. विदर्भात कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात जा, झाकून ठेवलेलं यंत्र सापडेल आणि ते चालवणारा माणूस सापडणार नाही. फित कापायला यंत्र लागतं, म्हणून यंत्रं येतात.

त्याच संध्याकाळी मी जिल्हा शल्य चिकित्सकांना दुसऱ्या तंत्रज्ञाच्या पदासाठी पत्र केलं आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं त्या प्रश्नाचा, मसुदा लिहिला. चौथ्या उपप्रश्नात मी 'प्रतीक्षा यादीतील रुग्णांपैकी किती जणांचा जागा मिळण्यापूर्वी मृत्यू झाला' हे घातलं. भाऊंनी तेवढंच वर, पहिल्या उपप्रश्नात घेतलं. मग पत्रावर सही करून स्वतः फोन हातात घेतला आणि शल्य चिकित्सकांशी वीस मिनिटं बोलले. पदासाठी फोन केला, पेशंटसाठी नाही. त्यांच्या मनात त्या दोन्हींत फरक स्वच्छ आहे. मला तो डोक्यानं पटतो.

पद अजून मंजूर झालेलं नाही. कंत्राटदार म्हणतो वरून आदेश द्या, वरचे म्हणतात कंत्राटात तिसरी पाळी आहे का ते बघतो. यादी आता दर बाजाराला मी स्वतः तपासतो. बाई येते, नंबर विचारते, भाऊ असले तर त्यांना वजन सांगते. तिनं पुन्हा फोनचं नाव काढलं नाही. मीच काढतो, आणि दर वेळी भाऊंशी माझा वाद होतो. वेचणी अजून महिनाभर चालेल. तोवर तिच्या नवऱ्याचं आठवड्यातून एकदाच होणार, हे मला दिसतंय आणि भाऊंनाही. येत्या सोमवारी त्या पदासाठी मी जिल्ह्याला जातोय.