भाडं नव्हे, हातात किती पडतं ते विचारा

लग्नात भेटा, हळदीकुंकवाला भेटा, प्रश्न ठरलेला: ‘खराडीचा फ्लॅट भाड्यानं दिलाय ना? मग हप्ता भाड्यातूनच सुटत असेल!’ नाही सुटत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा आकडेच मांडते.

2016 मध्ये 55 लाखांना घेतला. त्यावर 6 टक्के मुद्रांक शुल्क, 30,000 नोंदणी, मग पंखे, गीझर, किचनच्या ट्रॉल्या; सगळं धरून 60 लाखांच्या घरात. कर्ज 40 लाख, साडेनऊ टक्क्यांनी, 20 वर्षांचं. हप्ता 37,285, भाडं 20,000. इथवर सगळेच हिशेब करतात आणि म्हणतात, खिशातून सतराच हजार की!

पण ते 20,000 तरी कुठे पुरते हातात पडतात? मेंटेनन्स महिन्याला 3,000. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी 40 टक्के सवलत भाडेकरू ठेवला की जाते. कर वर्षाला 18,000. भाडेकरू बदलला की दलाली, रंग, कराराची नोंदणी आणि मधे महिनाभर कुलूप, यात सरासरी आणखी 46,000. वर्षाकाठी उरतात 1,40,000. महिन्याला बारा हजारही नाहीत.

आणि 2020. दोन इंजिनिअर मुलं राहत होती. एप्रिलमध्ये लातूरच्या मुलाचा फोन आला, ‘काकू, पगार निम्मा झालाय, मी गावीच आहे.’ त्याच महिन्यात राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं. मला ते पटलंही. त्या पोरावर काय चिडणार? जुलैत त्यांनी फ्लॅट सोडला आणि मी डिपॉझिट पूर्ण परत केलं. थकलेलं भाडं त्यातून का कापलं नाहीस, असं नवरा अजून विचारतो. कापायला हवं होतं का? मला आजही तसं वाटत नाही.

पुढे कितीतरी महिने कुणी फिरकलंच नाही. सगळ्यांचं काम घरून. सोसायटीचं बिल मात्र येतच होतं. बँकेनं हप्ते थांबवायची मुभा दिली होती, पण व्याज चढतच राहणार होतं, म्हणून ती घेतली नाही. लेकीच्या शिक्षणासाठीची एफडी मोडली. फॉर्मवर सही करताना ती शेजारी उभी होती, मास्क लावून. म्हणाली, ‘आई, माझ्या ॲडमिशनचं काय?’ ॲडमिशन झाली, शैक्षणिक कर्ज काढून. त्या कर्जाचं व्याज फ्लॅटच्या हिशेबात धरायचं की नाही, सांगा.

‘करात सूट मिळते ना?’ मिळते. भाड्यावर 30 टक्के वजावट आहे, पण घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा कर्जाचं व्याज जितकं जास्त जातं तो, पगारातून वजा करायला वर्षाला 2 लाखांची मर्यादा आहे, आणि नव्या करप्रणालीत तेवढीही सोय नाही.

‘भाव तर वाढला!’ वाढलाय. 2016 मधली मी हेच म्हणत होते, भाडं वरकड, खरी कमाई भाववाढीची. तिला मी खोडून काढू शकत नाही. पण हप्ता दर पाच तारखेला रोख लागतो, आणि वाढलेला भाव विकल्याशिवाय हातात येत नाही. विकावा असं मला वाटतं, नवऱ्याला नाही. आकडे दोघांकडेही आहेत.

तुम्ही घेणार असाल तर भाडं वर्षात अकराच महिन्यांचं धरा, आणि निदान सहा हप्ते बाजूला असल्याशिवाय सही करू नका. आमच्या आत्ताच्या भाडेकरूंचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. दोन हजार वाढवून मागायचे, की आहे त्यात ठेवून दलाली आणि रिकामा महिना वाचवायचा, हे आज रात्री ठरवायचंय.