रविवार गेला, पण टीव्ही बोलला!

जुना ऑफिसचा डबा पीसी, आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, माळ्यावर धूळ खात होता. म्हटलं ह्याचाच होम थिएटर करू, गेम पण खेळता आले पाहिजेत. लिब्रेईएलईसी, म्हणजे टीव्हीसाठीच बनवलेलं छोटं लिनक्स, टाकलं असतं तर 10 मिनिटांत झालं असतं पण त्यात नुसतं कोडी (सिनेमे-गाणी लावायचं ॲप), स्टीम (गेम घ्यायचं-खेळायचं ॲप) नाही, मग डेबियन, म्हणजे नेहमीचं पूर्ण लिनक्स, टाकलं आणि तिथून दिवसाची वाट लागली.

चित्र आलं तर कडा कापलेल्या, कोडीचं घड्याळ अर्धं टीव्हीच्या बाहेर. तासभर लिनक्सला शिव्या घातल्या आणि निघालं काय, टीव्हीच्याच मेनूत ओव्हरस्कॅन (चित्र मोठं करून कडा कापणारी सेटिंग) चालू! मग आवाज नाही. ड्रायव्हर, केबल, सगळं बदलून झालं, शेवटी अल्सामिक्सर (लिनक्सचं आवाज कमी-जास्त करायचं साधन) उघडलं तर एसपीडीआयएफच्या, म्हणजे डिजिटल आवाजाच्या पट्टीच्या, खाली 'एमएम' लिहिलेलं, म्हणजे म्यूट. एम दाबलं आणि घर दणाणलं, आई पोळ्या टाकून बाहेर 😅

गंमत म्हणजे हे कोडी मुळात एक्सबॉक्स ह्या गेमच्या डब्यासाठीच निघालेलं, एक्सबीएमसी म्हणायचे, कोडी नाव 2014 चं. आणि विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन 2018 पासून आहे, तरी लोक विचारतात लिनक्सवर गेम कुठे चालतात म्हणून. चालतात हो, ग्राफिक कार्ड नसल्यामुळे माझ्याकडे फक्त हलकेफुलके, मोठ्या गेमला पंखा हेलिकॉप्टरसारखा ओरडतो.

आत्ता आई कंट्रोलर हातात घेऊन विचारतेय, ह्याच्यावर सिरीयल कुठली लागते?