आईची मांजर वृद्धाश्रमात चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी पुण्यात प्राण्यांची डॉक्टर आहे, आणि रेबीजच्या लशीला येणारे लोक जाता जाता हटकून विचारतात की मॅडम, आईला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरतंय, तिची मांजर नेऊ देतील का, देऊ नये का त्यांनी?

माझं मत विचाराल तर आधीपासून सोबत असलेलं जनावर नेऊ द्यायलाच हवं. घर सुटलं, शेजार सुटला, आता मांजरही सोडा म्हणजे जरा जास्तच होतं.

काहीजण अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या (प्राण्यांच्या भल्यासाठीचं केंद्र सरकारचं मंडळ) २०१५च्या सूचना मोबाईलवर घेऊनच येतात, की बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. बरोबर आहे, पण ते सोसायट्यांसाठी आहे, वृद्धाश्रमात तुम्ही तिथल्या नियमांवर सही करून राहता, त्यामुळे तिथे भांडून उपयोग नसतो, गोडीत बोलावं लागतं.

आणि आश्रमाचे व्यवस्थापक नाही म्हणताना जी कारणं देतात ती सगळीच काही खोटी नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर साधा ओरखडाही भळभळतो, आणि वॉकरच्या मधे मधे करणारं छोटं कुत्रं म्हणजे खुब्याचं हाड मोडायला आमंत्रणच. पण नखं कापता येतात, लशी वेळेवर देता येतात. वासाची तक्रार तर निम्म्या वेळा खाण्यामुळे असते. मी जाते त्या एका आश्रमात एका आजींचा बोका आहे, स्वयंपाक शाकाहारी, मग आजी आपल्याच ताटातली पोळी दुधात कुस्करून त्याला घालायच्या, मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही आणि नुसत्या दूधपोळीवर मांजर जगतही नाही, त्याला सारखे जुलाब आणि अख्ख्या मजल्याची नाकं वर. कॅटफूड सुरू केलं, तक्रारी बंद. (आजी अजून माझ्यावर रागावून आहेत, म्हणतात कोरडं कोरडं काय खातो बिचारा.)

नवीन पिल्लू मात्र नको हं. परदेशातली मुलं ऐंशीच्या वडिलांना लॅब्राडॉरचं पिल्लू गिफ्ट करतात, ते दहा-बारा वर्षं जगणार, वर्षभरात पंचवीस-तीस किलोचं होणार, त्याला फिरवणार कोण? फारच एकटं वाटत असेल तर सात-आठ वर्षांची शांत मांजर दत्तक घ्या.

खरं अडतं ते आजी हॉस्पिटलमध्ये गेल्या की. ब्रिटनमध्ये सिनॅमन ट्रस्ट नावाची संस्था १९८५पासून हेच करते, त्यांचे स्वयंसेवक म्हाताऱ्या माणसांची कुत्री फिरवतात, मालक अ‍ॅडमिट असेल तर सांभाळतात, पुढे मालक गेला तर जनावराची जबाबदारीही घेतात. आपल्याकडे ते घरच्यांनीच करायचं. म्हणून मी मुलांना सांगते, अशा वेळी मांजर कोण नेणार ते नाव-नंबरासकट लिहून आश्रमात द्या, नाव एक नको, दोन द्या. यावर बरेचजण ‘बघू ना तेव्हा’ म्हणतात, आणि मग व्यवस्थापकाने नाही म्हटलं तर मी त्याला दोष देत नाही.