विळ्यावरच्या माश्या

रविवार, रात्री साडेअकरा

मध्ययुगीन चीनमधली ती गुन्हेगारी कादंबरी आज वाचून संपली. तीन रात्री जागले. प्रेत बघून मरण कसं आलं ते ओळखणारा तिचा नायक सुंग त्सू हा खराच होऊन गेलेला माणूस, त्यामुळे कादंबरी मिटल्यावरही तो डोक्यातून जाईना.

सुंग त्सूचा जन्म ११८६ सालचा, फुजियान प्रांतातला. चार वेळा फौजदारी न्यायाच्या वरच्या हुद्द्यावर नेमला गेला. साठी उलटल्यावर, १२४७ मध्ये त्यानं ‘शी युआन ची लू’ हे प्रेत तपासायच्या रीतींचं पुस्तक लिहिलं. अन्याय धुऊन काढणाऱ्या नोंदी, असा त्या नावाचा अर्थ. दोन वर्षांनी तो वारला.

त्यातली विळ्याची गोष्ट मला फार आवडते. रस्त्याकडेला एक माणूस मरून पडलेला, अंगावर दहाएक वार, पण चीजवस्तू जागच्या जागी. म्हणजे चोर नव्हे, वैरी. वार विळ्याचे. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं आसपासच्या सगळ्यांचे विळे मागवले. सत्तर-ऐंशी विळे जमिनीवर ओळीनं मांडले. दिवस कडक उन्हाळ्याचे. थोड्या वेळात एकाच विळ्यावर माश्या घोंघावायला लागल्या. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण रक्ताचा वास राहिलाच होता. मासे चिरलेली विळी कितीही घासली तरी तिच्यावर माश्या येतात, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. तरी ते वाचताना अंगावर काटा आला.

हा तपास सुंग त्सूनं स्वतः केला नव्हता, आधीच्या कुणाचा तरी नोंदवून ठेवला होता. मला त्यात त्याचा मोठेपणाच वाटतो.

हाडं तपासायची रीतही त्यानं दिलीय. खड्ड्यात कोळसे पेटवून माती लाल तापवायची, विस्तव काढून दारू आणि व्हिनेगर ओतायचं, त्या वाफेत हाडं ठेवायची आणि मग तेल लावलेल्या लाल छत्रीखाली उन्हात धरून बघायची. जिवंतपणी मार बसला असेल तर त्या जागी लालसर रेघ दिसते, असं तो म्हणतो. नातं ओळखायला हाडावर रक्ताचा थेंब टाकायची रीतही पुस्तकात आहे, ती मात्र साफ चुकीची.

प्रेताला हात लावायचं काम हाताखालच्या माणसांचं. पण अधिकाऱ्यानं दुर्गंधीला कंटाळून लांब उभं राहू नये, असं तो बजावतो. प्रस्तावनेत स्वतःबद्दल लिहितो, की माझ्या अंगी दुसरा काही गुण नाही, फक्त खटला पुन्हापुन्हा तपासतो, त्यात तसूभरही हयगय करत नाही.

इथे मला गावची विहीर आठवली. मी नऊ वर्षांची असेन. शेजारच्या वाडीतल्या सुनेला दोर लावून वर काढलं होतं. पंचनामा लिहिणारे चिंचेखाली बसले होते, नाकाला रुमाल लावून. सासरचे सांगत होते, ‘पाय घसरला,’ आणि तेच कागदावर उतरत होतं. जिवंत माणूस बुडाला असेल तर हातापायांच्या नखांत वाळू-माती सापडते, हे सुंग त्सूनं साडेसातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं. तिची नखं कुणी पाहिली नाहीत. मी दोराजवळ उभी होते, मला तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तेवढ्या दिसल्या.