चिठ्ठी दुसऱ्याच कुणाचीतरी होती

शाळांमधे किशोरवयीन मुलांची लैंगिक शिक्षणाची सेशन्स घेणं हे माझं काम. लोकांना वाटतं यात अवघड काय, तर हस्तमैथुन, पाळी वगैरे शब्द मुलांसमोर उच्चारणं. छे, पाच मिनिटं खिदळून झालं की नववीची पोरं मस्त ऐकतात. डोक्याला ताप होतो तो स्टाफरूममधे, "मॅडम जास्त खोलात नका जाऊ हां" ऐकताना. २००७ मधे आपल्या राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षणच बंद केलेलं, ती धास्ती अजून गेलेली नाही.

माझी सगळी मेहनत चिठ्ठ्यांच्या डब्यावर. सगळ्यांना सारखा कागद, सारखं पेन, आणि ज्याला काही विचारायचं नाही त्यानेही दोन ओळी काहीही खरडायचं, गाणं लिही, पाढा लिही, म्हणजे खरा प्रश्न कोण लिहितंय ते बाकावरच्या शेजाऱ्यालाही कळत नाही. वर्गशिक्षक बाहेर. यावर मी अडून बसते, कितीही तोंडं वाकडी झाली तरी.

नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीच्या डब्यातून निघालं, "फोटो पाठवला तर परत घेता येतो का. ती पैसे मागते." आवाज न बदलता इतर चिठ्ठ्यांसारखीच वाचली आणि उत्तर अख्ख्या वर्गाला दिलं. पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. चॅट उडवायचं नाही, समोरच्याच्या आयडीचे स्क्रीनशॉट काढायचे. घरी सांगायची हिंमत नसेल तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन.

मधल्या सुट्टीत एक मुलगा आला. मोबाईल गेममधे ओळख, डायमंड (गेममधलं चलन) देते म्हणून इन्स्टावर नेलं, मुलीचा डीपी, मग फोटो, मग धमकी, आणि आईच्या गुगल पेवरून दोनदा पैसे गेलेले. "मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?" पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं, कलम १९ म्हणतं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, म्हणजे गप्प राहीन असं वचन मला देताच येत नाही. म्हटलं, सांगावं लागेल, पण कुणाला काय सांगणार ते आधी तुला सांगेन. तो रडला, पण उठून गेला नाही.

मुख्याध्यापकांना शाळेच्या नावाची काळजी. वडील म्हणाले, "पोरगी असती तर समजलो असतो." कायद्यात १८ खालचं कुणीही मूल म्हणजे मूलच, मुलगा असो की मुलगी, हे त्यांना समजावलं आणि बजावलं की फोनला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन फॉरमॅट! वर मला फोन, "घाण गेली एकदाची."

घाण कुठली जातेय, गेला तो पुरावा. 'टेक इट डाउन' नावाची अमेरिकेतल्या एका संस्थेची मोफत सोय आहे, फोटो कुठेही अपलोड करावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच इन्स्टासारख्या कंपन्यांकडे जातो, मग तो फोटो तिथे सापडला तर काढता येतो. व्हॉट्सअपवरच्या खाजगी चॅटमधे मात्र चालत नाही. पण ठसा काढायला मूळ फोटो तर हवा ना! आईला आठवलं की फोनमधलं जीमेल तिचं आहे. बॅकअप झालेला फोटो डिलीट केला तरी गुगल फोटोजच्या ट्रॅशमधे ६० दिवस राहतो, तिथे मिळाला. पोराने स्वतःच फाइल निवडली, मी पाठ फिरवून बसले, असला फोटो 'पुरावा म्हणून' शिक्षकांच्या ग्रुपवर टाकणं हासुद्धा गुन्हाच आहे हे किती जणांना माहीत असतं देव जाणे. महिला पीएसआय साध्या कपड्यात घरी आल्या, पोराशी छान बोलल्या. त्या आणि ती आई, दोघींचंच डोकं ठिकाणावर होतं त्या आठवड्यात.

जाताना त्याला म्हटलं, चिठ्ठी लिहिलीस ते बरं केलंस. तर म्हणे, "मी कुठे लिहिली, मी तर सातचा पाढा लिहिलेला."

म्हणजे त्या वर्गात अजून एक जण आहे, आणि कदाचित अजून पैसे भरतोय किंवा भरतेय. नाव नसलं तरी चिठ्ठीचं पोलिसांना कळवलं. मुख्याध्यापक म्हणाले वह्या मागवून अक्षर जुळवू. मी साफ नाही म्हटलं, एकदा अक्षर जुळवलं की त्या डब्यात परत कुणी खरं लिहिणार नाही. पण इथे एक मूल आत्ता अडकलंय, आणि मी डबा वाचवतेय का, हे रोज डोक्यात येतं. त्याच वर्गावर अजून एक तास मागितलाय. उत्तर आलं, घटक चाचणी झाल्यावर बघू.